रकान्याची रुंदी

मोखाडा तालुक्यातील एखाद्या पाड्यावरची अंगणवाडी डोळ्यांसमोर आणावी. छताच्या वाशाला वजनकाटा टांगलेला आहे, काट्याखालच्या झोळीत एक मूल रडत आहे आणि आई त्याला हाताने धीर देत आहे. सेविका काट्यावरचा आकडा वाचते आणि वाढीच्या तक्त्यावर एक ठिपका देते. तो ठिपका तक्त्यावरील कोणत्या पट्ट्यात पडतो, यावर पुढचे सारे ठरते. खालच्या पट्ट्यात पडला तर जादा आहार, डॉक्टरांची भेट, कदाचित रुग्णालय. रेषेच्या किंचित वर पडला तर यांपैकी काहीच नाही. मूल तेच, आई तीच, भूकही तीच. पण ती रेषा बोटभर वर किंवा खाली आखलेली असती, तर त्या मुलाच्या वाट्याला वेगळे भवितव्य आले असते. मग ती रेषा कोणी आखली? कशाच्या आधारे आखली? आणि तिची नैतिक जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न प्रथमदर्शनी रुक्ष वाटतो. रेषा आखणे, वर्ग पाडणे हे गणितज्ञांचे काम. त्यात पाप-पुण्याचा संबंध कोठे येतो, असे कोणीही विचारील. परंतु वर्ग पाडण्याची ही कृती आपण समजतो तितकी निष्पाप नाही, असे मला वाटते. म्हणून आज तिचाच थोडा विचार करू.

शाळेत आपण सर्वांनीच आयतालेख काढला आहे. शंभर मुलांचे गुण दिलेले असतात. आपण ० ते १०, १० ते २० असे वर्ग पाडतो, प्रत्येक वर्गात किती मुले येतात ते मोजतो आणि तेवढ्या उंचीचे आयत शेजारी शेजारी उभे करतो. वर्ग दहा-दहा गुणांचेच का, असा प्रश्न त्या वयात कोणाच्या मनात येत नाही. पुस्तकात तसे दिलेले असते, एवढे कारण पुरेसे असते. वस्तुतः सारी मेख तेथेच आहे. वर्ग पन्नास-पन्नास गुणांचे केले तर दोनच ठोकळे उरतील आणि नापासाच्या काठावर गोळा झालेली मुले त्या ठोकळ्यात दिसेनाशी होतील. वर्ग एकेका गुणाचा केला तर कोठे दोन मुले, कोठे शून्य, कोठे पाच असे करवतीच्या दात्यांसारखे चित्र निघेल आणि त्यातून कोणताही अर्थ लागणार नाही. गुण तेच असतात, पण वर्गाची रुंदी बदलली की चित्र बदलते आणि चित्र बदलले की निष्कर्षही बदलतो. फार रुंद वर्ग खरी गोष्ट लपवतो आणि फार अरुंद वर्ग खोटी गोष्ट दाखवतो. १९२६ साली स्टर्जेस नावाच्या अभ्यासकाने किती वर्ग पाडावेत याचा एक नियम मांडला. पुढे आणखीही सूत्रे निघाली. तथापि विचार करण्याच्या कष्टातून माणसाला कायमचे मोकळे करणारे सूत्र अद्याप निघालेले नाही.

हा पेच सर्वांत काटेकोरपणे कोठे हाताळला जातो, हे पाहायचे तर जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेकडे वळावे लागेल. तेथे भूगर्भातील सत्तावीस किलोमीटर परिघाच्या वर्तुळाकार बोगद्यात प्रोटॉन हे सूक्ष्म कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवले जातात. अशा टकरींतून कधी कधी प्रकाशाचे दोन कण बाहेर पडतात. त्यांच्या ऊर्जेवरून आणि दिशेवरून एक वस्तुमान काढता येते. अशी असंख्य वस्तुमाने घेऊन शास्त्रज्ञ आयतालेखच काढतात. तत्त्वतः तो आपल्या शाळेतल्यासारखाच असतो. बहुतेक ठिकाणी तो आलेख एखाद्या उतारासारखा हळूहळू खाली जातो. त्या उतारावर एखाद्या जागी लहानसा उंचवटा दिसला, तर तेथे एखादा नवा कण दडलेला असण्याची शक्यता असते. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनच्या शोधाची घोषणा झाली. १२५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानापाशी दिसलेला असा उंचवटा हा त्या घोषणेचा एक मुख्य आधार होता. हा शोध लावणाऱ्या दोन प्रयोगांपैकी सीएमएस या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचाही सहभाग आहे.

आता पाहा. त्या आलेखातील वर्ग उंचवट्यापेक्षा पुष्कळ रुंद ठेवला असता, तर तो उतारात विरघळून गेला असता. उपकरणाला जेवढा बारकावा कळतो त्याहून फार अरुंद ठेवला असता, तर योगायोगाने पडलेल्या प्रत्येक चढउताराला नव्या कणाचा मान मिळाला असता. यास्तव तेथे काही पथ्ये पाळली जातात. आपल्या मोजपट्टीला जेवढे कळते त्याहून बारीक विभागणीचा आव आणायचा नाही. कोणत्या नोंदी घ्यायच्या, कोणत्या गाळायच्या आणि विश्लेषण कसे करायचे, हे शक्यतो आधी ठरवायचे. जेथे उत्तर दडलेले असण्याची शक्यता आहे तो भाग तोवर झाकून ठेवायचा आणि पद्धत पक्की झाल्यावरच उघडायचा. हे शेवटचे पथ्य मला धर्मनिष्ठ माणसाच्या आत्मपरीक्षणाइतके मोलाचे वाटते. आपल्याला हवे ते उत्तर दिसले की माणूस तेथेच थांबतो, नको ते दिसले की चूक शोधू लागतो. या मोहाची ओळख असल्यामुळेच ते शास्त्रज्ञ स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून घेतात.

एवढे करूनही फसगत होतेच. डिसेंबर २०१५ मध्ये तेथील दोन्ही मोठ्या प्रयोगांना ७५० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी एक उंचवटा दिसला. जगभरच्या सिद्धान्तकारांनी त्यावर शेकडो निबंध लिहिले. पुढे आणखी टकरी झाल्या, नोंदी वाढल्या आणि ऑगस्ट २०१६ मध्ये जाहीर झाले की तो उंचवटा राहिलेला नाही. तो केवळ योगायोग होता. कोणी लबाडी केली नव्हती आणि कोणाचे फारसे बिघडलेही नाही. अधिक नोंदींनी चूक दुरुस्त केली.

ज्या मोहाचा वर उल्लेख केला, त्याची सावली आपल्या घरच्या एका थोर माणसावरही पडलेली आहे. ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढवून गोल दाणे किती आणि सुरकुतलेले किती, याची मोजदाद केली आणि १८६५ साली आनुवंशिकतेचे नियम मांडले. ते नियम खरे ठरले. परंतु १९३६ साली फिशर या संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिले की मेंडेल यांचे आकडे अपेक्षित प्रमाणाशी जरा जास्तच जुळतात. याची अनेक स्पष्टीकरणे दिली गेली. त्यांतले एक असे की धड गोल नाही, धड सुरकुतलेला नाही, असा काठावरचा दाणा मोजणाऱ्याच्या हातून नकळत अपेक्षित ढिगात पडला असावा. प्रामाणिक माणसाच्या हातूनही असे होऊ शकते, एवढा बोध आपल्याला पुरे.

आता पुन्हा त्या अंगणवाडीकडे येऊ. तेथे दाण्याच्या जागी मूल आहे.

आपल्या देशात अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अनेक वर्षे तेथे बालकांची प्रतवारी अशी होत असे: वयाच्या प्रमाण वजनाच्या ८० टक्क्यांहून अधिक वजन असेल तर मूल सर्वसाधारण, ७१ ते ८० टक्के पहिली श्रेणी, ६१ ते ७० दुसरी, ५१ ते ६० तिसरी आणि ५० किंवा त्याखाली चौथी. तिसरी आणि चौथी म्हणजे तीव्र कुपोषण. आता अशी कल्पना करा की एका वयाचे प्रमाण वजन १२ किलो धरले आहे. ८ किलो ४०० ग्रॅमचे मूल ७० टक्क्यांवर, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत येते. पावसाळ्यात आजारी पडून त्याचे वजन ७ किलो ४०० ग्रॅमवर उतरले, तरी ते ६१ टक्क्यांच्या वरच राहते. एक संपूर्ण किलो वजन झडले, आईला ते मूल कडेवर हलके लागू लागले, पण अहवालातील श्रेणी दुसरीच राहिली. तालुक्याच्या बेरजेत काहीच घडले नाही. शेजारचे ७ किलो ३०० ग्रॅमचे मूल मात्र २०० ग्रॅमने उतरले तर तिसऱ्या श्रेणीत जाते आणि वरपर्यंत धावपळ होते. २००८ पासून आपण जागतिक आरोग्य संघटनेची नवी प्रमाणे स्वीकारली. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बालक अतितीव्र कुपोषित, अशी सोपी कसोटीही आली. ही प्रमाणे अधिक शास्त्रशुद्ध आहेत, याविषयी शंका नाही. परंतु रेषा ही रेषाच असते. तिच्या दोन्ही अंगांना मुले उभी असतात.

श्रेणी हा एकच रकाना नव्हे. जिल्हा हाही एक रकानाच असतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून अधिक होती. देशातील तो सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता. ठाणे, कल्याण, नवी मुंबई ही शहरे आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगर एकाच रकान्यात बसवलेले होते. या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या सुमारे सव्वादोन लाख. एक कोटीच्या सरासरीत सव्वादोन लाखांचे दुःख कोठे दिसणार? १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि रकाना अरुंद झाला. तरीही नव्या जिल्ह्याच्या जवळजवळ तीस लाखांत एकट्या वसई-विरार शहराचे बारा लाखांहून अधिक लोक आहेत. वाचकहो, येथे हा विषय आपल्या उंबरठ्यापाशी येतो. आपली सुदृढ मुले, आपली पक्की घरे, आपल्या गल्लीतील दवाखाने त्याच सरासरीत मिसळतात आणि मोखाड्याच्या पाड्यावरची भूक त्यांच्या आड जाते. आपण काही वाईट केलेले नसते. केवळ सुस्थितीत असल्यामुळे आपण कोणाला तरी झाकत असतो. १९९८ साली स्थापन झालेल्या आपल्या वसई धर्मप्रांताच्या सीमेतही समुद्रकाठची धर्मग्रामे आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगर एकत्रच येतात. तेव्हा 'आपल्या धर्मप्रांताची स्थिती बरी आहे' असे म्हणताना आपण कोणत्या रुंदीच्या रकान्यातून पाहत आहोत, हे स्वतःला विचारावे लागते. 'आदिवासी' हा शब्दही तसाच एक रुंद रकाना आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी या सर्वांना त्यात एकत्र बसवले की कातकऱ्यांचे अधिक खोल दारिद्र्य नजरेआड होते.

काळाचीही अशीच गत आहे. वर्षाची सरासरी काढली तर पावसाळा तिच्यात बुडून जातो. आणि या डोंगरांत पावसाळा हाच कसोटीचा काळ. गतवर्षीची नागली-वरई संपत आलेली असते, नवे पीक उभे असते पण हाती आलेले नसते. आई दिवसभर लावणीच्या चिखलात राबते, तान्हे मोठ्या भावंडाच्या स्वाधीन असते आणि अतिसार, ताप घरात ठाण मांडून बसतात. भातकापणी आटोपून दिवाळी झाली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. भौतिकशास्त्रज्ञांच्या आयतालेखाला दोन्ही टोकांना आणखी एकेक रकाना असतो. आखलेल्या मर्यादेबाहेर पडलेल्या नोंदी त्यात जमा होतात. चित्रात तो रकाना दिसत नाही. पण जाणता अभ्यासक तो उघडून पाहतोच, कारण तेथे पुष्कळ नोंदी साठल्या असतील तर मर्यादाच चुकीची आखली गेली आहे असा त्याचा अर्थ असतो. भट्टीवर गेलेले मूल अशा न दिसणाऱ्या रकान्यात जाऊन पडते. गावच्या हजेरीपटावर ते 'स्थलांतरित' असते आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीच्या पटावर पुष्कळदा नसतेच. कित्येक भट्ट्या आपल्याच वसई-भिवंडीच्या आसपास आहेत, हे आठवावे.

शेवटचा रकाना मृत्यूच्या कारणाचा. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावली आणि ते नाव राज्यभर झाले. २०१६ साली मोखाड्यातील बालमृत्यूंनी पुन्हा वृत्तपत्रांचे मथळे व्यापले. प्रत्येक वेळी एकच वाद झडतो: ही मुले भुकेने गेली की आजाराने? नोंदीत न्यूमोनिया असतो, अतिसार असतो, कमी दिवसांचे बाळंतपण असते. यांतले काहीच खोटे नसते. पण ज्या अतिसारातून वसईचे बाळ चार दिवसांत उठून बसते, त्यानेच मोखाड्याचे बाळ जाते. या दोहोंमधला फरक कोणत्या रकान्यात लिहायचा? तो रकानाच ठेवला नाही की भूक निर्दोष सुटते.

रेषा कोठे आखावी, यावर महाराष्ट्रातच एक मोठा विद्वत्तापूर्ण वाद झाला होता. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपल्या ग्रंथात माणशी रोज २२५० उष्मांकांचा आधार घेऊन दारिद्र्याची रेषा आखली. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले आणि रोममधील अन्न व शेती संघटनेत दीर्घकाळ संख्याशास्त्र विभागाचे संचालक असलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांना हे मान्य नव्हते. एकाच निरोगी माणसाची गरजही रोज सारखी नसते, शरीर काही मर्यादेत स्वतःला जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेच्या खाली असलेल्या प्रत्येकाला उपाशी म्हणता येणार नाही आणि रेषा पुष्कळ खाली असावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी पुण्याच्या या दोन विद्वानांत हा वाद चांगलाच रंगला. रेषा खाली ओढली की कागदावरचे कोट्यवधी लोक एका दिवसात भूकमुक्त होतात, हे तर उघडच होते. तथापि सुखात्मे यांना भुकेची पर्वा नव्हती असे कोणी म्हणू नये. अन्नाइतकेच स्वच्छ पाणी आणि आरोग्य महत्त्वाचे, हे त्यांनीच सातत्याने सांगितले आणि अतिसाराने जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते किती खरे आहे, हे आपण वर पाहिले. दोन प्रामाणिक माणसे एकाच आकडेवारीकडे पाहून दोन ठिकाणी रेषा आखू शकतात, हा या वादाचा धडा आहे.

मग कोणी म्हणेल, रेषा माणसाच्या मर्जीवर असेल तर सत्य उरले कोठे? हा आक्षेप टाळून चालणार नाही. माझे उत्तर असे की रेषेची निवड माणसाची असली, तरी ज्यावर ती आखली जाते ते वास्तव माणसाचे नसते. १२५ पाशी असलेला उंचवटा रकान्याची रुंदी थोडीफार बदलली तरी टिकून राहिला आणि नोंदी वाढत गेल्या तसा ठळक होत गेला. ७५० चा टिकला नाही. खऱ्या गोष्टीचे हे एक लक्षण आहे. मोखाड्याची भूक ८० टक्क्यांच्या रेषेने मोजा, ७० च्या मोजा, दंडाच्या घेराने मोजा. संख्या बदलेल, पण भूक नाहीशी होणार नाही. जी केवळ एकाच सोयीच्या रेषेवर नाहीशी होते, ती नाहीशी झालेली नसते, लपवलेली असते.

परंतु येथे जिनिव्हा आणि मोखाडा यांच्यात एक मूलभूत भेद आहे आणि तोच माझ्या मते या विषयाचा गाभा होय. नव्या कणाची घोषणा करण्यापूर्वी शास्त्रज्ञ अतिशय कडक पुरावा मागतात. केवळ योगायोगाने असा उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक एवढी कमी असल्याखेरीज ते शोध लागला असे म्हणत नाहीत. तेथे हे योग्यच आहे, कारण तेथे नसलेली गोष्ट आहे म्हणणे ही मोठी चूक आणि असलेली गोष्ट वर्षभर न दिसणे ही लहान चूक. कण वाट पाहू शकतो. मूल वाट पाहू शकत नाही. धडधाकट मुलाला चुकून जादा आहार दिला तर चार अंडी जास्त खर्ची पडतील. उपाशी मुलाला चुकून 'सर्वसाधारण' म्हटले तर पुढच्या महिन्याच्या वजनाला ते असेलच, असे नाही. अधिक नोंदी आल्यावर चूक दुरुस्त होईल, हे येथे म्हणता येत नाही. येथे ती पुढची नोंद म्हणजे कदाचित एक लहानशी कबर असते. म्हणून रेषा आखताना केवळ 'बरोबर काय' एवढेच विचारून भागत नाही. आपण चुकलो तर त्या चुकीची किंमत कोण मोजणार, हेही विचारावे लागते. ती किंमत दुबळ्याने मोजायची असेल, तर रेषा त्याच्या बाजूला झुकवून आखणे हा पक्षपात नव्हे. तो न्याय होय.

यातून तीन कर्तव्ये निघतात. रेषा उत्तर पाहून आखू नये. आधी आखावी आणि का आखली ते उघडपणे सांगावे. रेषा आखल्यावर तिच्या काठावरच्यांकडे आणि मर्यादेबाहेर पडलेल्यांकडे मुद्दाम वळून पाहावे. आणि रकान्यातील आकड्याला माणूस समजण्याची चूक करू नये. रकाना हा माणसापर्यंत पोहोचण्याची पायवाट आहे, मुक्कामाचे ठिकाण नव्हे.

पवित्र शास्त्रात मोजदादीच्या दोन कथा आहेत. दावीद राजाने आपल्या लढवय्यांची शिरगणती केली आणि ते त्याचे पाप ठरले. मला वाटते, त्याने मोजले ते आपले सामर्थ्य किती, हे पाहण्यासाठी. दुसरी कथा प्रभू येशूने सांगितलेल्या मेंढपाळाची. तिचा अर्थ आपण नेहमी प्रेमाच्या अंगाने लावतो आणि तो योग्यच आहे. परंतु एक साधी गोष्ट आपल्या लक्षातून निसटते. शंभरांतले एक मेंढरू हरवले हे त्या मेंढपाळाला कळले कसे? त्याने मोजले होते म्हणून. तोही मोजतच होता. पण नव्याण्णव आहेत म्हणून समाधान मानण्यासाठी नव्हे, तर कोण नाही हे कळावे म्हणून. शंभरांत नव्याण्णव हा कोणत्याही अहवालात उत्तम आकडा ठरला असता.

आपणही आपल्या धर्मग्रामात नित्य मोजत असतो. कुटुंबे किती, प्रथम ख्रिस्तशरीर घेणारी मुले किती, वर्गणी किती हे सारे वह्यांत असते. त्या वह्यांत एक रकाना आणखी असावा, असे सुचवावेसे वाटते: आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीतील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर या हंगामात डोंगरातून उतरलेली किती मुले आहेत आणि त्यांतली किती अंगणवाडीच्या पटावर आहेत. हा आकडा कोणाला दाखवण्यासाठी नाही. तो लिहायला जो कोणी जाईल, त्याला त्या मुलांची नावे कळतील, एवढ्यासाठीच.